आठ तासांतलें कोची

कोल्हापूरच्या माणसाचें आणि समुद्राचें नातें मोठें चमत्कारिक आहे. घाट उतरून गेलें कीं चार-पांच तासांत रत्नागिरी किंवा मालवण, म्हणजे समुद्र तसा हांकेच्या अंतरावर. आणि तरीहि पंचगंगेच्या घाटावर पोहावयास शिकलेल्या आमच्या पिढींतील पुष्कळांनीं बोटींत पाय म्हणून ठेवलेला नाहीं. आम्हीहि त्यांतलेच. म्हणून गेल्या मार्गशीर्षांत आमच्या चिरंजीवांनीं मुंबईहून कोचीला जाणाऱ्या एका सहलीच्या बोटीचीं तिकिटें आमच्या हातीं ठेवलीं, तेव्हां पहिला आनंद ओसरल्यावर आम्हांस आठवण झाली ती राजाराममहाराजांची. कोल्हापूरच्या गादीवरील हे तरुण छत्रपति १८७० सालीं युरोपच्या प्रवासास गेले, तिकडचें पुष्कळ कांहीं डोळसपणें पाहिलें, रोजनिशी लिहिली, आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स शहरीं त्याच वर्षीं ३० नोव्हेंबर रोजीं वारले. वय अवघें वीस. आर्नो नदीच्या कांठीं त्यांना अग्निसंस्कार झाला, आणि तेथें त्यांची छत्री आजहि उभी आहे. आम्हीं हें बोलून दाखवितांच, "सहलीच्या तोंडावर असलें कांहीं सुचतें तरी कसें?" म्हणून आमच्या सौ.नीं आम्हांस गप्प बसविलें.

ह्या पानाच्या नेहमींच्या वाचकांस आमच्या शेजारच्या काकू ठाऊक आहेतच. गेल्या वर्षीं त्यांच्या लोणच्यावरून माजलेला वाद आम्हीं येथेंच सांगितला होता. चिरंजीवांनीं काढलेल्या तिकिटांत तिसरी जागा होती ती आमच्या मेहुण्यांची; त्यांना ऐनवेळीं ताप आला आणि काकूंचें नांव निघालें. काकूंचें माहेर गोव्याचें, मार्दोळजवळचें. लग्न होऊन कोल्हापुरास आल्याला आतां साठ वर्षें होऊन गेलीं. वय एकुणऐंशी, गुडघे दुखरे, पण जीभ आणि जिद्द शाबूत. त्यांनीं येण्याचें कबूल केलें तें एका अटीवर. "भाऊ, मला तुमच्या बोटीचें कौतुक नाहीं. कोचीला उतरल्यावर मला मट्टांचेरीला नेऊन आमच्या लोकांचें देऊळ दाखवायचें. आजी सांगायची, आमची एक पाती फिरंग्यांच्या त्रासानें गलबतांत बसून खालीं कोचीकडे गेली. ती गेली ती गेलीच. मेल्यावर आजीनें विचारलें तर सांगायला तरी बरें."

अट साधी दिसली, म्हणून आम्हीं रुकार दिला. पुढें जें झालें त्याचा दोष आमच्याकडे आहे, हें आधींच सांगून टाकतों.

बोटीवरील दोन रात्रींविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. महालक्ष्मी एक्सप्रेसनें मुंबईस गेलों, दुसऱ्या दिवशीं बोट सुटली, एक अख्खा दिवस पाण्यावर गेला. अष्टौप्रहर खाणें आणि रात्रीं गाणेंबजावणें. काकूंनीं लहानपणीं पणजीहून मुंबईपर्यंत कोंकणबोटीनें प्रवास केलेला. डेकवर वळकटी पसरून, भोंवळ आलेल्या बायांच्या शेजारीं, वेंगुर्ल्यास आणि मालवणास पडावांतून चढणारीं माणसें पाहत. येथील गालिचे, आरसे आणि दिव्यांच्या माळा पाहून त्या म्हणाल्या, "ही बोट कसली, हें तर मंगलकार्यालय!" आम्हांस तें पटलें. कार्यालयासारखीच येथेंहि पंगत चुकविण्याची सोय नव्हती.

मात्र अशा बोटीनें जाऊं इच्छिणाऱ्या वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बोट बंदरास लागली कीं उतारूंना एक ओळखपत्र देऊन खालीं सोडतात आणि परत केव्हां यावयाचें ती वेळ बजावून सांगतात. आमची वेळ होती सकाळीं नऊ ते सायंकाळीं पांच. सरकारी कचेरीचे तास! बोटीवाल्यांनीं ठरविलेल्या सहलीस गेलां आणि वाटेंत उशीर झाला, तर बोट तुमच्यासाठीं थांबते. स्वतंत्रपणें गेलां तर थांबत नाहीं. मग पुढील बंदर गांठणें तुमचें तुम्हीं पाहावें. बोटीवाल्यांची सहल होती आलप्पुळची, खाडीच्या पाण्यांत गवती छपराच्या नावेंतून फिरण्याची. जाऊन येऊन सुमारें शंभर किलोमीटरांची वाट. आमच्या सौ.चा जीव त्या नावांवर जडलेला. आदल्या रात्रीं त्यांनीं माहितीपत्रक उशाशीं घेऊन झोंप काढली होती. पण सकाळीं काकू नऊवारी नेसून, हातांत पिशवी घेऊन सर्वांच्या आधीं तयार बसलेल्या दिसल्या, तेव्हां सौ. आम्हांस म्हणाल्या, "नावा पुन्हां पाहूं. मट्टांचेरीला चला." पुन्हां म्हणजे केव्हां, हें आम्हीं विचारलें नाहीं.

बोट लागते तें विलिंग्डन बेट पूर्वीं नव्हतेंच. कोचीच्या खाडीच्या तोंडाशीं वाळूचा मोठा बांध होता व मोठीं जहाजें बाहेरच नांगर टाकून उभीं राहत. रॉबर्ट ब्रिस्टो नांवाचा इंग्रज इंजिनियर १९२० सालीं येथें आला. त्यानें तो बांध कापला, तळ उपसला आणि उपसलेल्या गाळाचेंच हें बेट रचलें. १९२८ च्या मे महिन्यांत नव्या बंदरांत पहिली मोठी आगबोट शिरली ती मुंबईहून आलेली 'पद्मा'. म्हणजे आम्ही तिच्याच वाटेनें आलों म्हणावयाचें. त्याहिपूर्वीं, १३४१ सालीं पेरियार नदीस आलेल्या महापुरानें मुझिरिसचें प्राचीन बंदर गाळानें भरलें आणि कोचीची वाट मोकळी झाली, असें सांगतात. नदीनें दिलेलें बंदर माणसानें पुरतें करून घेतलें.

भाड्याची मोटार ठरवून तोप्पुंपडीच्या पुलावरून आम्ही प्रथम फोर्ट कोचीस गेलों. खरें म्हणजे आधीं मट्टांचेरीस जावयास हवें होतें. पण मोटारवाला म्हणाला, आधीं समुद्राकडील बाजू पाहून या, ऊन चढलें कीं तेथें उभें राहवणार नाहीं. आम्हांसहि तें सोयीचें वाटलें, कारण चिनी जाळीं पाहण्याची उत्कंठा आम्हांस होती, काकूंना नव्हती.

तीं जाळीं मात्र पाहण्यासारखीं आहेत यांत शंका नाहीं. किनाऱ्यावर लांकडी मचाण, त्यावर सागाचे सोट आणि बांबू जोडून केलेली तीस-पस्तीस फूट उंचीची आडवी-उभी बांधणी, आणि तिच्या चार बोटांच्या टोकांस ताणून बांधलेलें झोळीसारखें भलें मोठें जाळें. मागच्या बाजूस दोरांना ओळीनें टांगलेले मोठमोठे दगड. आमच्याकडील विहिरीवरील ओकती ज्यांनीं पाहिली आहे त्यांना ही युक्ति लगेच कळेल: एका अंगास जाळें, दुसऱ्या अंगास दगडांचा भार, आणि मधल्या लांकडावर सारा तोल. एक जण त्या मुख्य सोटावरून चालत पुढें जातो. तेवढ्या वजनानें जाळें हळूहळू पाण्यांत बुडतें. कांहीं मिनिटें थांबावयाचें. मग चार-पांच जण दोर ओढतात, दगड एकामागून एक खालीं येऊन टेंकतात आणि जाळें वर येतें. आम्हीं पाहिलें त्या खेपेस त्यांत मूठभर मासळी, एक खेंकडा आणि बराचसा पाणवेलीचा पाला होता. दोर ओढणाऱ्या म्हाताऱ्यानें आम्हांस हातवाऱ्यानें बोलावून दोर हातीं दिला. आम्हीं दोन वेळां ओढला आणि दिवसभर खांदा चोळीत राहिलों. हीं जाळीं चिनी व्यापाऱ्यांनीं आणलीं अशी प्रसिद्धि आहे; पोर्तुगिजांनीं तीं मकावहून आणलीं असेंहि कोणी म्हणतात. आतां कांहीं ठिकाणीं सागाऐवजीं लोखंडी नळ बसविलेले दिसतात, आणि मासळीपेक्षां पाहुण्यांच्या बक्षिसावरच अधिक भागतें कीं काय, असें वाटण्याजोगी परिस्थिति आहे.

तेथून जवळच सेंट फ्रान्सिसचें देऊळ. पोर्तुगिजांनीं १५०३ सालीं प्रथम लांकडाचें बांधलें, पुढें दगडाचें केलें. छतास अजून जुने हातानें ओढावयाचे पंखे टांगलेले आहेत. वास्को द गामा कोचींत १५२४ च्या डिसेंबरांत, नाताळच्या आदल्या दिवशीं वारला आणि येथेंच पुरला गेला. चौदा-एक वर्षांनीं त्याच्या अस्थि पोर्तुगालास नेल्या. मोकळ्या झालेल्या थडग्यावरील दगड आतां कठडा घालून राखला आहे. आम्हांस पुन्हां आर्नोच्या कांठची आठवण झाली. ह्याच्या अस्थि त्याच्या लोकांनीं समुद्र ओलांडून परत नेल्या. आमचे महाराज जेथें पडले तेथेंच नदींत मिळाले. काकू आंत आल्या नाहींत. बाहेर झाडाच्या पारावर बसून त्यांनीं विचारलें, "ह्याच फिरंग्यांच्या भीतीनें पळालेले आमचे लोक ह्याच फिरंग्यांच्या गांवीं कसे आले?" प्रश्न बिनतोड होता. उत्तर असें, कीं फिरंग्यांचा किल्ला समुद्राच्या तोंडाशीं होता आणि कोंकणी लोक वसले ते थोडे आंत, राजाच्या हद्दींत, मट्टांचेरीस. गोव्यांत १५६० सालीं इन्क्विझिशन बसलें आणि १५६७ मध्यें साष्टींतील देवळें पाडलीं गेलीं. मार्दोळची म्हाळसादेखील मूळची वेरण्याची, तेव्हां नदीपार अंत्रुज महालांत आणलेली. कांहींनीं देवास घेऊन नदी ओलांडली, कांहींनीं देव मागें ठेवून समुद्र.

मट्टांचेरीस पोहोंचलों तेव्हां अकरा वाजत आले होते. येथें आमची चूक झाली. देऊळ राजवाड्यापासून फार लांब नाहीं, असें समजल्यावर आम्हीं म्हटलें, वाटेवरचा राजवाडा पाहून जाऊं. हा राजवाडा पोर्तुगिजांनीं सुमारें १५५५ सालीं बांधून कोचीच्या राजास नजर केला व पुढें डचांनीं दुरुस्त केला, म्हणून त्यास डच राजवाडा म्हणतात. आंत शेजघराच्या भिंतींवर दशरथाच्या पुत्रकामेष्टीपासून राम लंकेहून परत येईपर्यंतचें रामायण रंगविलेलें आहे. गेरू, पिंवळा, हिरवा असे थोडेच रंग. पण रेषांत असा भरणा कीं बोट शिरावयास जागा नाहीं. आमच्यासारख्या निवृत्त मास्तराला भिंतीवर रामायण आणि शेजारीं वाचावयास फलक मिळाले, कीं घड्याळाचें भान कोठून राहणार? शिवाय पुढें शंभर पावलांवर १५६८ सालचें यहुद्यांचें प्रार्थनामंदिर. तेथील जमिनीवरील निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा हातानें रंगविलेल्या, एकीसारखी दुसरी नाहीं म्हणतात. त्यांतहि आम्हीं वेळ घालविला. कारण कोंकणांतील आपले शनिवारतेली, म्हणजे मराठी बोलणारे बेने इस्रायल, यांना धर्मपाठ शिकविणारे कित्येक गुरु कोचीहूनच आले होते, हें आम्हांस सौ.ना समजावून सांगावयाचें होतें. येथील यहुदी १९४८ नंतर बहुतेक इस्रायलास निघून गेले. गल्लींत आतां मसाल्याचीं आणि जुन्या वस्तूंचीं दुकानें आहेत. (राजवाडा शुक्रवारीं व प्रार्थनामंदिर शनिवारीं बंद असतें. आम्ही बुधवारीं गेलों, म्हणून दोन्ही साधलीं.)

काकू दोन्ही ठिकाणीं बाहेर सांवलींत बसून होत्या. एकदां त्यांनीं "भाऊ, देऊळ बंद तर नाहीं ना व्हायचें?" असें विचारलें होतें. आम्हीं "छे, एवढ्यांत कुठें!" असें उत्तर दिलें. कशाच्या आधारावर दिलें तें आतां सांगतां येत नाहीं.

तिरुमल देवस्वम्‌चें व्यंकटेशाचें तें देऊळ मोठें आहे. समोर तळें, प्रशस्त आवार. आणि दार बंद. केरळांतील देवळें दुपारीं बंद होतात व संध्याकाळीं उघडतात, ही गोष्ट आम्हांस पुस्तकांतून माहीत होती, ऐनवेळीं आठवली नाहीं. संध्याकाळीं देव जागा होईल तोंवर आमची बोट शिडी उचलणार. काकू पायरीशीं जाऊन उभ्या राहिल्या, दाराकडे पाहून हात जोडले, आणि खालीं बसल्या. रागावल्या असत्या तर बरें झालें असतें. त्या कांहीं बोलल्याच नाहींत. सौ.नीं मात्र आमच्याकडे असें पाहिलें कीं आलप्पुळच्या नावांसह सर्व हिशेब त्या एका दृष्टींत आला.

आम्हीं सारवासारव करूं पाहिली. म्हटलें, काकू, तुमच्या लोकांचें येथें केवढें नांव आहे ठाऊक आहे? डचांचा व्हॅन र्‍हीड नांवाचा अधिकारी येथें होता. त्यानें मलबारांतील साऱ्या झाडपाल्याचा 'होर्तुस मलबारिकुस' नांवाचा बारा भागांचा ग्रंथ केला. १६७८ पासून १६९३ पर्यंत तो आम्स्टरडॅम येथें छापून निघाला. सातशेंवर वनस्पति, प्रत्येकीचें चित्र. त्यास माहिती पुरविणारे होते इट्टी अच्युतन् वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट हे तिघे कोंकणी ब्राह्मण. त्या तिघांचें दाखलापत्र पहिल्या भागांत त्यांच्याच भाषेंत, नागरी अक्षरांत छापलें आहे. नागरी अक्षरांच्या अगदीं आरंभींच्या छापील नमुन्यांपैकीं तें एक. त्या लॅटिन ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर करण्यांत डॉ. मणिलाल नांवाच्या केरळी वनस्पतिशास्त्रज्ञांनीं आयुष्य वेंचलें, आणि केरळ विद्यापीठानें तें २००३ सालीं प्रसिद्ध केलें.

काकूंनीं सर्व ऐकून घेतलें. म्हणाल्या, "तें कागदावरचें झालें, भाऊ."

देवळाजवळच्या गल्लींत एक लहानसें दुकान होतें. पापड, सांडगे, लोणचीं, केळ्याचे काप. ऊन मी म्हणत होतें, म्हणून सौ.नीं तेथें पाणी मागितलें. हिंदींत मागितलें, मग इंग्रजींत. गल्ल्यावरच्या साठीच्या बाईनीं आंत वळून कोणाला तरी "उदाक" आणावयास सांगितलें. तो शब्द कानीं पडतांच काकू पायरीवरून उठल्या. दुखऱ्या गुडघ्यांची बाई तितक्या झटक्यानें उठलेली आम्हीं पूर्वीं पाहिलेली नाहीं.

उदक हा शब्द आम्ही संध्येच्या पळीपुरता वापरतों. तेथें तो तहानेचा शब्द आहे. पुढील अर्धा-पाऊण तास त्या दोघींचें जें बोलणें झालें त्यांतील अर्धें आम्हांस कळलें आणि त्या दोघींना एकमेकींचें पाऊण कळलें असावें. काकूंचें 'भुरगें' त्यांना लागेना, त्यांचें 'चेर्डूं' काकूंना. दोहोंचा अर्थ मूल. एखाद्या शब्दावर दोघी अडकत, मग हातानें उंची दाखवून किंवा खाण्याची खूण करून पुढें जात. त्यांच्या बोलण्यांत मल्याळम् शब्द येत, काकूंच्या बोलण्यांत मराठी. हेल निराळा, पण क्रियापदांचीं टोकें तींच. बाईंनीं पापडाचें पीठ दाखविलें, काकूंनीं तें चिमटींत घेऊन चाखलें आणि हिंगाविषयीं मत दिलें. तें त्यांना आवडलेलें दिसलें नाहीं. इतकें झाल्यावर घरच्यासारखें बोलणें सुरू झालें असें समजावयास हरकत नाहीं.

मग कुळदैवताची चौकशी झाली. बाई म्हणाल्या, "म्हाळसा." कोठली, असें विचारण्याची जरूर नव्हती. त्यांच्या घरांत पिढ्यानुपिढ्या देवीचें नांव घेतलें जातें, लग्नामुंजीच्या वेळीं मार्दोळास पैसे धाडतात, पण त्या स्वतः तेथें कधीं गेलेल्या नव्हत्या. तीनदां निघावयाचें ठरलें. एकदां सासूबाई आजारी पडल्या, एकदां दुकानांत पाणी शिरलें, आणि तिसऱ्या खेपेस यजमानच गेले. त्यानंतर कोणी विषय काढला नाहीं. काकू दरसाल जातात. त्यांनीं पिशवी उघडून आंतला लहानसा कुंकवाचा करंडा काढला. मार्दोळचें तें कुंकू त्या नेहमीं जवळ बाळगतात. तो तसाच्या तसा त्यांनीं बाईंच्या हातावर ठेवला. बाईंनीं तें कुंकू स्वतः लावलें नाहीं, बाजूच्या भिंतीवरील देवीच्या चित्रास लावलें आणि सुनेला हांक मारून तिच्या कपाळीं लावलें. आपण वाचकांस सांगतों म्हणून नव्हे, परंतु त्या वेळीं आम्ही दुकानांतील बरण्यांचीं लेबलें वाचीत उभे राहिलों.

ती पाती सांपडली काय? नाहीं. गोत्र जुळलें नाहीं, आडनांवहि निराळें. चारशें वर्षांपूर्वींची आजीच्या तोंडची गोष्ट पाऊण तासांत शाबीत होत नाहीं. काकूंनाहि त्याचें कांहीं वाटलें नाहींसें दिसलें. निघतांना बाईंनीं पापडांचीं तीन पुडकीं दिलीं आणि पैसे घेतले नाहींत. चार वाजून गेले होते. तोप्पुंपडीच्या पुलावर वाहनें खोळंबलेलीं. पांचाला सात मिनिटें कमी असतां आम्हीं ओळखपत्रें दाखविलीं. आमच्या मागोमाग धांवत आलेलें एक जोडपें फाटकावर हुज्जत घालीत होतें, त्यांचें पुढें काय झालें कळलें नाहीं.

बोट फोर्ट कोची आणि वैपीन यांच्यामधून बाहेर पडते. दोन्ही तीरांवर तीं जाळीं मावळतीच्या उजेडांत वरखालीं होत होतीं. सौ.ना शेवटीं पाण्यावरच्या नावा दिसल्या. आलप्पुळच्या नव्हेत, मासळीच्या, पण त्यांनीं तक्रार केली नाहीं. काकू डेकवर खुर्ची टाकून मट्टांचेरी कोणत्या बाजूस राहिली तें विचारीत होत्या. आम्हीं बोट दाखविलें. आम्हांस एवढी तरी खातरजमा होती.

कोल्हापुरास परतून आतां दोन महिने होत आले. पापड संपले. हिंग कमी आहे हें काकूंचें मत कायम आहे. मागल्या आठवड्यांत त्या बाईंच्या मुलाचा दूरध्वनि आला: आईला घेऊन एर्नाकुळम्‌हून मडगांवला यावयाचें आहे, रात्रीच्या गाडीनें बरें पडेल काय, आणि मार्दोळास उतरण्याची सोय कशी होते? काकूंनीं देवळाच्या अग्रशाळेंत खोलीसाठीं शब्द टाकून ठेवला आहे. तारीख मात्र त्यांच्याकडून अजून कळलेली नाहीं.